श्वानपथकात काम करायचंय, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय २०, बीएस्सीचं दुसरं वर्ष. घरी एक लॅब्रॅडॉर आणि एक गावठी कुत्री, दोघांनाही तुम्ही स्वतः शिकवलंय. पोलिसांच्या शोधक कुत्र्यांना शिकवणं हेच पुढे काम म्हणून करायचंय. एका खासगी संस्थेने चार महिन्यांच्या प्रमाणपत्राचे ८५ हजार रुपये सांगितलेत. ते भरावेत का, मुलींना या कामात घेतात का, आणि ‘एवढं शिकून कुत्री सांभाळणार का?’ असं विचारणाऱ्या घरच्यांना काय सांगावं?

मी पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि नोकरीतली एकोणीस वर्षं जिल्ह्याच्या श्वानपथकात काढली. आधी माग काढणारी डॉबरमन, मग एकापाठोपाठ दोन बॉम्बशोधक लॅब्रॅडॉर, आणि शेवटी काही वर्षं नव्या हस्तकांना शिकवणं. त्यामुळे मी सांगतोय ते मुख्यतः महाराष्ट्र पोलिसांबद्दल आहे. सैन्यात, केंद्रीय दलांत आणि वनखात्यात रीत थोडी वेगळी असते.

पैशाचं आधी. ८५ हजार भरू नका, निदान आत्ता तरी नको. पोलिसांत ‘श्वान प्रशिक्षक’ म्हणून बाहेरून, प्रमाणपत्र दाखवून आत जाता येत नाही. आधी पोलीस व्हावं लागतं. मग हस्तक, म्हणजे एका कुत्र्याची जबाबदारी असलेला कर्मचारी. आणि एक-दोन कुत्र्यांसोबत बरीच वर्षं काढल्यावर, वरिष्ठांना वाटलं तर, प्रशिक्षक. हा क्रम उलटा होत नाही. तुमच्या प्रश्नात ‘कुत्र्यांना शिकवणं’ हे शब्द चार वेळा आलेत आणि ‘पोलीस’ एकदा. खरी अडचण मला तिथे दिसते. या नोकरीत बंदोबस्त, पंचनामा, स्टेशन डायरी, रात्री अडीचचा फोन हे सगळं कुत्र्याइतकंच येतं. ते नको असेल तर हे काम तुम्हाला दोन वर्षांत जड होईल.

भरतीचं गणित तुम्ही इतर मुलामुलींकडून ऐकलंच असेल. शिपाईपदासाठी बारावी पास, खुल्या गटात वय १८ ते २८ आणि मागासवर्गीयांना पाच वर्षं सवलत. मुलींना उंची १५५ सेंटिमीटर, ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, गोळाफेक. मैदान ५० गुणांचं, लेखी १०० गुणांची. निवड झाल्यावर प्रशिक्षण केंद्रात काही महिने, मग नेमणूक. तिथून श्वानपथकासाठी विनंती अर्ज करायचा. जागा कधी निघेल हे जिल्ह्यावर अवलंबून असतं. एखाद्या जिल्ह्यात कुत्रा निवृत्त होतो, हस्तकाची बदली होते आणि लगेच संधी मिळते. दुसरीकडे चार-पाच वर्षं वाट पाहावी लागते. माझा अर्ज तीन वर्षं पडून होता. तेवढ्या काळात मी पथकातल्या जुन्या हस्तकाकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन केनेल धुतलं, कुत्र्यांना ब्रश केला, गोचीड काढले. पुढे निवडीच्या वेळी त्यांनीच माझं नाव सुचवलं.

मुलींना घेतात का? नियमात आडकाठी नाही. संख्या कमी आहे, हे खरं. पण मी शिकवलेल्यांत कुत्र्याचं शरीर सगळ्यात बारकाईने वाचणारी हस्तक एक महिला शिपाईच होती. कुत्र्याच्या शेपटीचा वेग बदलला की तिला ते माझ्याआधी दिसायचं.

महाराष्ट्र पोलिसांच्या कुत्र्यांचं प्रशिक्षण पुण्यात, गुन्हे अन्वेषण विभागाच्या शिवाजीनगरच्या केंद्रात होतं. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून देणारा झंजीर नावाचा कुत्रा तिथेच तयार झाला. याशिवाय ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं राष्ट्रीय केंद्र आहे, १९७० पासून. बंगळूरजवळ तरळूला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं, पंचकुलाजवळ इंडो-तिबेट सीमा पोलिसांचं, आणि मेरठला लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाचं. केंद्रीय दलांत जायचं असेल तर शिपाईपदाला दहावी पुरते आणि वयोमर्यादा आणखी कमी असते, तेव्हा तो विचार लवकर करा. तिथे देशभर बदल्या होतात. आईवडिलांची जबाबदारी एकट्या तुमच्यावर असेल, तर हेही आधी घरी बोलून घ्या.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण ज्यावर सगळं अवलंबून आहे ते सांगतो.

नव्या पोरांना झंजीरचा तो आकडा पाठ असतो. त्या आकड्यामागे किती तपासण्यांत काहीच सापडलं नसेल, याचा विचार फार थोडे करतात. बॉम्बशोधक कुत्र्याचं आयुष्य सभामंडप, रेल्वे स्थानक, हेलिपॅड, गणपतीचे मांडव, पंढरपूरची वारी तपासण्यात जातं. यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याचं उत्तर एकच असतं : ‘इथे काही नाही.’ त्या उत्तरावर विसंबून हजारो माणसं मंडपात येऊन बसतात. म्हणून माझ्या मते प्रशिक्षकाचं खरं काम कुत्र्याला बॉम्ब शोधायला शिकवणं इतकंच नाही. त्याचं ‘नाही’ खरं ठेवणं हे अधिक अवघड आहे. आणि ते बिघडवतो तो कुत्रा नव्हे, पट्टा धरणारा माणूस.

माझाच अनुभव सांगतो. एका सभागृहात मोठ्या पाहुण्यांचा कार्यक्रम होता. खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत एक बेवारस बॅग. सोबतच्या अधिकाऱ्यांची खात्री होती की काहीतरी आहे, आणि त्यांच्या बोलण्याने माझीही झाली. मी कुत्र्याला बॅगेजवळ नेलं. हुंगून तो पुढे गेला. परत आणलं. परत पुढे. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा मी पट्टा जरा आखडता धरून बॅगेपाशी उभाच राहिलो, आणि तो बसला. बसणं म्हणजे इशारा. सभागृह रिकामं केलं, बॉम्बनाशक पथकाने बॅग उघडली, आत कुणाचा तरी जेवणाचा डबा आणि साडी. कार्यक्रम दोन तास लांबला. संध्याकाळी माझ्या उस्तादांनी एवढंच विचारलं, “पहिल्या तीन वेळा त्याने काय सांगितलं होतं?”

कुत्रा खोटं बोलला नव्हता. मी काय मागतोय ते त्याला कळलं आणि त्याने ते दिलं. हजारो वर्षं माणसाच्या चेहऱ्याकडे बघत जगलेला प्राणी आहे तो. बर्लिनमध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९०७ साली तपासून दाखवलं की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचतो आणि बरोबर आकड्यावर टाप थांबवतो. कुत्र्यांवरही असं काम झालं आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ साली १८ शोधक जोड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. खोल्यांमध्ये स्फोटकं किंवा अमली पदार्थ काहीच ठेवलेलं नव्हतं. हस्तकांना मात्र सांगितलं होतं की असू शकतं, आणि काही खोल्यांत लाल कागद लावून जागाही दाखवली होती. हस्तकांनी तरीही इशारे नोंदवले, आणि कागद होता तिथे अधिक. हे वाचल्यावर मला माझी ती तिसरी रांग आठवली.

म्हणून मी शिकवायला लागल्यावर एक नियम केला. सरावाचा माल, म्हणजे स्फोटकाचा नमुना, कुठे लपवलाय हे हस्तकाला माहीत नसणार, त्याच्यासोबत चालणाऱ्यालाही नाही. आणि काही वेळा माल ठेवायचाच नाही. नव्या हस्तकांना याचा फार राग येतो. पाऊण तास शोधून काही मिळालं नाही की त्यांना वाटतं, दिवस वाया गेला. तेव्हा मी त्यांना सांगायचो की आज कुत्र्याने कुठेही न बसता पूर्ण इमारत तपासली, याचीही नोंद करा. त्यानंतर शेजारच्या खोलीत एक सोपा माल ठेवून त्याला तो शोधू द्यायचा आणि चेंडू द्यायचा, म्हणजे त्याचा उत्साह टिकतो.

चेंडूचं इथे सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की कुत्र्याला आरडीएक्सचा वास आवडतो. त्याला तो वास म्हणजे चेंडूची चाहूल असते. त्यामुळे पिल्लू निवडतानाच आम्ही बघतो की चेंडू गवतात टाकल्यावर ते किती वेळ शोधतं. दिसेनासा झाला की सोडून देणारं पिल्लू घरात प्रेमळ होईल, पथकात चालणार नाही. गुळगुळीत फरशीवर, जिन्यात, भांडं पडल्याच्या आवाजात ते घाबरून बसतं का, हेही पाहतो. मग ओळीने डबे मांडून एकात वास, बाकी रिकामे. वासापाशी नाक थांबलं त्या क्षणी बक्षीस. एक सेकंद उशीर झाला तर तो वेगळंच काही शिकतो. स्फोटकं शोधणाऱ्याला पंजा मारायला कधीच शिकवत नाहीत, तो शांत बसतो. कामाच्या प्रकारानुसार हे सगळं सहा ते नऊ महिने चालतं आणि त्यात कुत्रा व हस्तक एकत्र शिकतात.

वासाच्या बाबतीत कुत्रा इतका तल्लख असतो की आपली चूकही तो पाठ करतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या २० कोटींच्या पुढे. आमच्याकडे एक लॅब्रॅडॉर सरावात सगळंच्या सगळं बरोबर शोधायचा. वरिष्ठ खूष. एका दिवशी मी रिकाम्या डब्याला तीच काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली, जी आम्ही मालाला लावायचो. तो पळत आला आणि त्याच्यासमोर बसला. कित्येक आठवडे आम्ही त्याला चिकटपट्टी शोधायला शिकवत होतो. तेव्हापासून रिकामी चिकटपट्टी, नवे हातमोजे, कोरी पिशवी, खाऊ, लपवणाऱ्याच्या हाताचा वास लागलेला रिकामा डबा, हे सगळं ओळीत ठेवायचं आणि त्यांकडे दुर्लक्ष केल्यावर चेंडू द्यायचा, अशी पद्धत ठेवली. माल लपवून लगेच कुत्रा आणायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. वास पसरायला वेळ लागतो, आणि ताज्या पावलांचा माग काढत कुत्रा थेट मालापाशी पोहोचतो, ही वेगळीच फसगत.

हवामानाचंही तसंच. धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो, मग हुंगणार कधी? चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात तर दुपारचं काम जवळजवळ निरर्थक असतं. आम्ही पंधरा-वीस मिनिटं काम, मग सावली आणि पाणी, असं ठेवायचो. वरिष्ठांना ‘आता कुत्रा थकलाय, अर्धा तास द्या’ हे सांगण्याची हिंमत हस्तकात लागते. शिपायाने अधिकाऱ्याला हे सांगणं सोपं नाही. नम्रपणे, पण सांगावं लागतं.

माग काढणाऱ्या कुत्र्याचं काम वेगळं. चोरीच्या बातमीत एक वाक्य तुम्ही शंभरदा वाचलं असेल, ‘श्वान महामार्गापर्यंत जाऊन घुटमळले.’ वाचणाऱ्याला वाटतं, कुत्रा फसला. माझ्या डॉबरमनच्या बाबतीत तरी बहुतेकदा त्याचा अर्थ होता की चोर तिथे गाडीत बसला, आणि तपासाला ती मोठी खूण असते. किती वाजता, कोणत्या नाक्यावर, कोणत्या दिशेच्या रस्त्यावर, यावरून पुढे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण बघता येतं. पण आम्ही पोहोचेपर्यंत घरमालक कपाट आवरून बसलेला, शेजारी अंगणात उभे, कुणीतरी चोराने टाकलेली पहार उचलून ओसरीवर ठेवलेली. हजार पावलांचा चिखल. त्या वेळी कुत्र्याआधी माणसांना हाताळावं लागतं, ओरडून नव्हे, समजावून. हे कुठल्याच प्रमाणपत्रात शिकवत नाहीत.

आणि कोर्ट. कुत्रा संशयितासमोर जाऊन थांबला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असं नाही. साधारण १९७०च्या सुमारास महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्याच्या मर्यादा स्पष्टपणे मांडल्या होत्या. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही, त्याच्या वतीने हस्तकच बोलतो, आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अंदाजावर टांगता येत नाही. मला हे योग्यच वाटतं. कुत्रा दिशा दाखवतो, पुरावा माणसांनी गोळा करायचा असतो. म्हणून हस्तकाची वही महत्त्वाची. किती वाजता काम सुरू केलं, वारा कुठून होता, कोणती वस्तू हुंगायला दिली, तिला आधी कुणी हात लावला होता, कुत्रा कुठे थांबला, कुठे चुकला. चुकल्याचंही लिहायचं. ज्या वहीत एकही चूक नाही, तिच्यावर वकील आधी बोट ठेवतो, आणि ते बरोबरच करतो.

पगाराचं विचारलं नाहीत, पण घरचे विचारतील. शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००, अधिक भत्ते. श्वानपथकात आलात म्हणून मूळ पगार वाढत नाही. बढती इतरांसारखीच सेवाज्येष्ठतेने आणि परीक्षांनी. काही जण वर्षानुवर्षं पथकात राहून समाधानी असतात, काहींना पुढे तपासाच्या कामात जावंसं वाटतं. दोन्ही बरोबर. दिवाळी-गणपतीत तुम्ही घरी नसाल, हे मात्र पक्कं. गावाला जायचं तरी दुय्यम हस्तक कोण आहे, त्याच्या हातून कुत्रा जेवतो का, हे बघून रजा टाकायची. घरच्यांना सांगा की ही सरकारी नोकरी आहे, गणवेश आहे, निवृत्तीपर्यंत सुरक्षित आहे. आणि शक्य झालं तर वडिलांना एकदा जिल्ह्याच्या श्वानपथकात घेऊन जा. सकाळचा सराव बघितल्यावर ‘कुत्री सांभाळणं’ हे शब्द बहुधा ते पुन्हा वापरणार नाहीत.

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. साधारण आठ ते दहा वर्षांचा झाला की कुत्रा निवृत्त होतो. तो कुणाकडे जाईल हे त्या वेळच्या नियमांवर आणि जागेवर ठरतं. २६/११ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काम केलेला सीझर विरारजवळच्या एका फार्मवर राहिला, २०१६ साली गेला. माझी डॉबरमन निवृत्तीनंतर माझ्याकडे आली नाही, कारण मी पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. ती चांगल्या घरी गेली. तरी सहा महिने मी तिला भेटायला गेलो नाही, कारण मी निघताना ती दारापर्यंत आली असती आणि ते मला झेपलं नसतं. दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी मी आधीच मोठी जागा बघून ठेवली.

आता त्या खासगी कोर्सकडे परत. त्यांना एकच प्रश्न विचारा : सरावासाठी खरी स्फोटकं किंवा खरे अमली पदार्थ तुमच्याकडे कोणत्या परवान्यावर आहेत? अमली पदार्थ बाळगणं १९८५च्या कायद्याखाली गुन्हा आहे, स्फोटकांना वेगळा परवाना लागतो. त्यामुळे ‘आम्ही नार्कोटिक्स डॉगचं ट्रेनिंग देतो’ असं फलकावर लिहिलेलं असेल, तर कागद बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सगळ्या खासगी संस्था वाईट आहेत असं मी म्हणत नाही. हॉटेलं, गोदामं यांना कुत्री पुरवणाऱ्या कंपन्यांत हस्तकाची नोकरी मिळू शकते, आणि भरतीत यश आलं नाही तर तोही एक रस्ता आहे. वनखात्यातही शिकारीचा माल शोधणारी कुत्री आहेत, ‘ट्रॅफिक’ (वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणारी संस्था) आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेच्या पुढाकाराने २००८ पासून ती तयार होऊ लागली. पण तिथेही हस्तक बहुतेक वनरक्षकांतूनच घेतात.

पदवी पूर्ण करा. भरतीच्या मैदानाचा सराव आजपासून, लेखीचा अभ्यास रोज दोन तास. आणि संध्याकाळी अर्धा तास तुमच्या लॅब्रॅडॉरसाठी. सहा सारखे डबे घ्या, झाकणाला भोकं पाडा, एकात चार लवंगा ठेवा. सारख्याच हातमोज्यांनी सगळे डबे हाताळा. पहिले काही दिवस तुम्हीच मांडा, तो लवंगेपाशी थांबला की लगेच चेंडू द्या. आठवड्याभराने डबे बहिणीला मांडू द्या, तुम्ही घराबाहेर उभ्या राहा, आणि ती आत आहे तोवर येऊ नका. तुम्ही शोधताना तिने त्या खोलीत थांबायचं नाही. अधूनमधून तिने लवंग ठेवायचीच नाही, आणि तुम्हाला सांगायचंही नाही. कुत्र्याने काय सांगितलं हे वहीत लिहून झाल्यावरच तिला विचारायचं.

चाळीस दिवस हे करा. मग वही उघडून बघा, जिथे लवंग नव्हती अशा किती वेळा तो कुठेतरी थांबला, आणि तो थांबला तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होता. त्या पानांचे फोटो मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.